संगणकाला अनुदान, रुग्णाला काय?

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला गेले की हल्ली नाव, वय, गाव विचारून झाल्यावर खिडकीतून आणखी एक प्रश्न येतो, ‘आभा नंबर आहे का?’ नसेल तर आधार कार्ड आणि मोबाइल मागतात, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात आणि चौदा आकडी क्रमांक तयार करून देतात. काही खासगी रुग्णालयांत आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्येही हा प्रकार सुरू झाला आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, ‘डॉक्टर, हे कशासाठी? यावर काही मिळणार आहे का?’

पहिली गोष्ट म्हणजे हा क्रमांक आणि पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळांची इथेच गफलत होते. ‘आभा’ हा तुमच्या आजाराच्या कागदपत्रांना जोडायचा क्रमांक आहे. आज रक्ताचा रिपोर्ट एका लॅबमध्ये, डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या रुग्णालयात आणि औषधाची चिठ्ठी तिसऱ्याच दवाखान्यातली, अशी स्थिती असते. हे सगळे एका क्रमांकाच्या दोऱ्यात ओवायचे आणि तुमची परवानगी असेल तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला ते पाहता यावे, अशी ही कल्पना. आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने २७ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ती देशभर सुरू केली.

तेव्हा ‘मला काय मिळणार?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की रोख तुम्हाला काही मिळणार नाही. रुग्णालयाला मात्र मिळू शकते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये एक प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. दहा किंवा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयाने महिन्याला दर खाटेमागे ५० नोंदी रुग्णांच्या आभा क्रमांकाला जोडल्या, की त्यापुढच्या प्रत्येक नोंदीला २० रुपये. लॅबने महिन्याला ५०० नोंदी केल्या की त्यापुढच्या प्रत्येक नोंदीला १५ रुपये. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांनाही यात वाटा ठेवला होता. एखाद्या संस्थेला जास्तीत जास्त चार कोटी रुपयांपर्यंत मिळू शकतील, असे तेव्हा सांगण्यात आले. हिशेब सोपा आहे. दहा खाटांच्या रुग्णालयाने महिन्यात १५०० नोंदी जोडल्या तर पहिल्या ५०० सोडून उरलेल्या हजारांचे वीस हजार रुपये होतात. पुढे या योजनेच्या नियमांत आणि मुदतीत फेरबदल होत गेले, पण ‘जितक्या नोंदी तितके पैसे’ हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

आता या लेखाचा मुद्दा. कागद सोडून संगणकावर येण्यासाठी सरकारने डॉक्टरला पैसे द्यावेत का? माझे मत विचाराल तर जरूर द्यावेत. परंतु नोंदी मोजून देऊ नयेत. तसे का, ते सांगायला थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

आपल्याकडे आजाराचा इतिहास कुठे राहतो? प्लॅस्टिकच्या पिशवीत. एक्स-रेचे पाकीट, त्यात घडी घालून कोंबलेला इसीजी, मेडिकलचे बिल, एका बाजूला औषधे आणि मागच्या बाजूला कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ही पिशवी बरोबर असेल तर नशीबच. बहुतेक वेळा ती घरी ट्रंकेत असते. काही जण तर आधीच्या डॉक्टरचे कागद मुद्दाम आणत नाहीत. नव्या डॉक्टरला राग येईल, ही भीती. मग विचारावे लागते, ‘गोळी कोणती चालू आहे?’ उत्तर येते, ‘पांढरी, बारीक, मधे रेघ असलेली.’ अशा गोळ्या बाजारात शेकड्याने आहेत, साहेब!

यात गंमत वाटते, पण पुढचे ऐका. हृदयाची झडप बदललेली एखादी बाई रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असते. ऑपरेशन मुंबईला किंवा पुण्याला झालेले, कागद तिकडच्या फाइलमध्ये. गुडघे दुखतात म्हणून बाजाराच्या दिवशी ती जवळच्या दवाखान्यात जाते आणि दुखणे थांबवण्याची साधी गोळी घेते. दोन्ही औषधे एकत्र आली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. इथे गोळी देणाऱ्या डॉक्टरला वेडेवाकडे बोलून उपयोग नाही, कारण त्याच्यासमोर माहितीच नव्हती. पेनिसिलिनची किंवा सल्फाची रिअ‍ॅक्शन आलेली माणसे, फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी माणसे, एकच मूत्रपिंड असलेली माणसे, या सर्वांचे आयुष्य त्या पिशवीवर अवलंबून असते. ज्याच्याकडे पिशवी नसते त्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा होतात. तो खर्च निराळाच.

शिवाय कागदाचे शत्रू पुष्कळ. वाळवी, उंदीर, पावसाळा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ मध्ये चिपळूणला जो पूर आला, त्यात घरातल्या धान्याबरोबर दवाखान्यांतले आणि घरांतले कागदही चिखलात गेले. अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले, तेव्हा कागदावर चालणाऱ्या दवाखान्यांच्या फायली नष्ट झाल्या. निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. ते सैनिक दुसऱ्या राज्यांत पांगले, तरी तिथल्या डॉक्टरांना त्यांची औषधे कळली. संगणकावरील नोंदीचा फायदा यापेक्षा जास्त समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग डॉक्टर आपण होऊन संगणक का घेत नाहीत? कारण खर्च त्याचा आणि फायदा दुसऱ्याचा. नोंद करण्याची मेहनत माझी. उपयोग कुणाला? रुग्णाला, तो पुढे ज्या डॉक्टरकडे जाईल त्याला, विमा कंपनीला, सरकारी आकडेवारीला. माझ्या रोजच्या दवाखान्याला त्याचा फायदा थोडाच, कारण माझ्या जुन्या रुग्णांचे बरेचसे माझ्या डोक्यातच असते. जिथे खर्च एकाचा आणि लाभ सगळ्यांचा असतो, तिथे सरकारने हात दिला पाहिजे. ठिबक सिंचनाला अनुदान याच न्यायाने दिले जाते. पाणी एकट्या शेतकऱ्याचे वाचत नाही, गावाचे वाचते.

पण ठिबकाच्या अनुदानातून दुसरीही गोष्ट आपण शिकलो आहोत. नळ्या शेतात पसरायच्या, साहेबांनी पाहून जायचे, फोटो काढायचा, अनुदान जमा झाले की नळ्यांची गुंडाळी करून गोठ्याच्या माळ्यावर. सगळे असे करतात असे नव्हे, पण असे करणारे आपल्या ओळखीत असतातच. अनुदानातून बांधलेल्या शौचालयात सरपण रचलेलेही आपण पाहिले आहे. पैसा ज्या गोष्टीला लावाल ती गोष्ट वाढते. नळीला लावला तर नळ्या वाढतात. पाणी वाचेलच असे नाही.

हाच प्रयोग वैद्यकीय नोंदींच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झालेला आहे. त्याचे बरेवाईट निकाल हाती आले आहेत, म्हणून तो आपण नीट पाहायला हवा.

२००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दहा वर्षांत बहुतेक अमेरिकनांच्या आरोग्य नोंदी संगणकावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पुढची चार-पाच वर्षे फार काही घडले नाही. २००८ मध्ये संगणकावरील नोंदींची किमान व्यवस्था असलेली रुग्णालये तिथे दहांत एकसुद्धा नव्हती. अमेरिकेसारख्या देशात ही स्थिती! मग आर्थिक मंदी आली. ती हटवण्यासाठी फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ज्या मोठ्या खर्चाच्या कायद्यावर सही केली, त्यातच ‘हायटेक’ नावाचा एक भाग होता. मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर घ्या, त्याचा ‘अर्थपूर्ण वापर’ करून दाखवा आणि पैसे घ्या, असे त्याचे स्वरूप होते. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत काम करणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांत जास्तीत जास्त ४४,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने वीस लाख रुपयांहून अधिक. गरिबांच्या मेडिकेड योजनेतील डॉक्टरला सहा वर्षांत ६३,७५० डॉलर. रुग्णालयांना याहून कितीतरी जास्त. आणि गाजराबरोबर छडीही होती. २०१५ पासून जो डॉक्टर हे करणार नाही, त्याच्या मेडिकेअरच्या बिलातून आधी १ टक्का, मग २, मग ३ अशी कपात.

पैसा बोलला. २०१५ पर्यंत संगणकावरील नोंदींची किमान व्यवस्था असलेली रुग्णालये दहांत आठांहून अधिक झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे प्रमाण ४२ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेले. सरकारचे ३५ अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाले. संगणक बसवायचे हाच हेतू धरला तर योजना यशस्वी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. फायदेही झाले. डॉक्टरचे अक्षर लागत नाही म्हणून चुकीचे औषध देण्याचा प्रकार कमी झाला. दोन औषधे एकमेकांना मारक असतील तर पडद्यावर इशारा येऊ लागला. आणि २०२१ पासून तिथल्या रुग्णाला डॉक्टरने आपल्याबद्दल काय लिहिले आहे, ते स्वतः वाचता येते. हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पण त्याची किंमत कुणी दिली? रुग्णाला मिळणाऱ्या वेळेने. ‘अर्थपूर्ण वापर’ सिद्ध करायचा म्हणजे ठरावीक रकाने भरायचे, ठरावीक खुणा करायच्या. सर्दीच्या रुग्णालाही तुम्ही तंबाखू खाता का, वजन किती, हे विचारून टिक करायची. २०१६ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. डॉक्टरांच्या शेजारी माणसे उभी करून त्यांच्या कामाचा वेळ मोजला होता. रुग्णासमोरच्या प्रत्येक एका तासामागे सुमारे दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जातात, असे दिसले. वर घरी गेल्यावर रात्री आणखी एक-दोन तास. या रात्रीच्या कामाला अमेरिकेतले डॉक्टर ‘पजामा टाइम’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, दुखणे तिकडचे. काही डॉक्टरांनी तर पगारी लेखनिक ठेवले. डॉक्टर तपासणार आणि शेजारी बसलेला माणूस टाइप करणार. म्हणजे संगणक आणून माणसाचे काम कमी करायचे होते, तिथे एक माणूस वाढला!

तिकडे गेलेले आपल्याकडचे डॉक्टर पुष्कळ आहेत. सुट्टीत आले की त्यांच्याशी बोलणे होते. त्यांची तक्रार जवळजवळ एकच असते, की एका साध्या भेटीची नोंद अनेक पाने होते आणि त्यात कामाचे वाक्य शोधावे लागते. कालचा मजकूर उचलून आज चिकटवता येतो, म्हणून तो चिकटवला जातो. आठ दिवसांपूर्वी उतरलेला ताप आजच्या नोंदीतही चढलेलाच असतो.

दुसरे दुखणे असे, की एका कंपनीचे सॉफ्टवेअर दुसरीच्या सॉफ्टवेअरशी बोलेना. एकाच शहरातील दोन रुग्णालयांत संगणक, पण एकाचा कागद दुसऱ्याला फॅक्सने पाठवायचा! पैसे संगणक घेण्याला आणि रकाने भरण्याला मिळत होते. नोंद दुसऱ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवण्यात कुणाला विशेष गोडी नव्हती. उलट रुग्ण आपल्याकडेच बांधून ठेवायला ते सोयीचे होते. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये माहिती अडवून ठेवण्याला मनाई करणारा वेगळा कायदा करावा लागला. आधी पैसे वाटून झाले, मग हे सुचले.

आणि जिथे सरकारी पैसा वाहतो तिथे वाटेत हात धुणारेही आलेच. ई-क्लिनिकलवर्क्स ही तिथली मोठी सॉफ्टवेअर कंपनी. आपले सॉफ्टवेअर नियमांत बसते, असे खोटे भासवून मान्यता मिळवल्याचा आरोप अमेरिकन सरकारने तिच्यावर ठेवला. २०१७ मध्ये तिने साडेपंधरा कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्याहून भयंकर प्रकरण प्रॅक्टिस फ्यूजन या कंपनीचे. हिचे सॉफ्टवेअर डॉक्टरांना बरीच वर्षे फुकट मिळत असे. एका औषध कंपनीकडून सुमारे दहा लाख डॉलर घेऊन तिने पडद्यावर वेदनेबद्दलच्या सूचना अशा बेताने आणल्या, की डॉक्टरने अफूवर्गीय औषधे जास्त लिहावीत. तीही कधी? त्या औषधांच्या व्यसनाने देशभर माणसे मरत असताना. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने साडेचौदा कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. डॉक्टरला वाटत होते, हा शास्त्राचा सल्ला आहे. प्रत्यक्षात ती जाहिरात होती. फुकटचे सॉफ्टवेअर घेऊन दारात येणाऱ्या प्रतिनिधीकडे मी तेव्हापासून जरा निरखून पाहतो.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. सर्वसाधारण दवाखान्यात दिवसाला साठ-सत्तर रुग्ण येतात, साथीच्या दिवसांत याहून जास्त. प्रत्येकाची नोंद टाइप करायला दोन मिनिटे जादा धरली तरी सत्तर रुग्णांचे एकशे चाळीस मिनिटे, म्हणजे सव्वादोन तासांहून अधिक. हे तास कुठून आणायचे? एक तर शेवटचे वीस रुग्ण परत पाठवायचे, नाही तर प्रत्येकाला पाहण्याचा वेळ कापायचा. माझ्या दवाखान्यात संगणक आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स अशा कायमच्या रुग्णांच्या नोंदी त्यावर होतात, संध्याकाळी कंपाउंडर त्या भरतो. सर्दी-पडसे, खरूज, बोटाला कापले, यांचे मी कागदावरच लिहितो. माझ्या मते एवढे पुरेसे आहे. परंतु नोंदीच्या संख्येवर पैसे द्यायचे ठरले तर हिशेब उलटा होतो. मधुमेहाच्या रुग्णाचा वीस वर्षांचा नीट लिहिलेला इतिहास म्हणजेही एक नोंद, आणि खरुजेची एका ओळीची चिठ्ठी म्हणजेही एक नोंद. वीस रुपयांच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

मूळ योजनेत दहा खाटांची अट होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्याकडे संगणक, नोकर आणि इंटरनेट आधीपासून आहे, त्याच्याच पदरात अनुदान आधी पडणार. खेड्यातला माणूस ज्या एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात पहिल्यांदा जातो, त्याचे नाव यादीत शेवटी. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविकेचे तर विचारूच नका. गरोदर बाईची नोंद रजिस्टरमध्ये, तीच पुन्हा सरकारी पोर्टलवर, लसीकरणाची यू-विनवर, मधुमेह-रक्तदाबाची आणखी तिसरीकडे. उपकेंद्रावर रेंज नसते तेव्हा मोबाइल हात उंच करून धरायचा. तिला दिवसाकाठी एका नोंदीचे एकच काम ठेवले आणि बाकीची पोर्टले आपसांत बोलती केली, तर ते कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठे होईल.

लहान गावातली आणखी एक अडचण शहरातल्या योजनाकारांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे गुप्ततेची. मुंबईच्या रुग्णालयात टाइप करणारा मुलगा तुम्हाला ओळखत नसतो. इथे तो तुमच्या आत्याच्या दिराचा मुलगा असतो. क्षयरोग, एचआयव्ही, मनोविकाराच्या गोळ्या, मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासण्या, गर्भपात यांतले काहीही बाहेर फुटले तर सोयरिकी मोडतात. आजवर हे डॉक्टरच्या पोटात राहत होते. कागद कपाटात असायचा आणि किल्ली डॉक्टरकडे. योजनेच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की तिच्या रचनेत तुमच्या नोंदी दिल्लीतल्या एकाच कोठारात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात वा लॅबमध्ये त्या तयार झाल्या तिथेच त्या राहतात आणि तुमच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. ही रचना चांगली आहे. पण मग प्रत्येक रुग्णालयाचे कुलूप मजबूत हवे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयाला बरेच दिवस पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले. एम्सची ही स्थिती, तर आपल्या तालुक्यातल्या दहा खाटांच्या रुग्णालयाच्या संगणकाचा पासवर्ड काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. बहुधा तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो!

म्हणून माझे म्हणणे असे, की पैसे नोंद तयार झाली म्हणून न देता ती कामाला आली म्हणून द्यावेत. एका डॉक्टरने लिहिलेले दुसऱ्या डॉक्टरने रुग्णाच्या संमतीने उघडून पाहिले, तेव्हा पहिल्याला मोबदला मिळावा. मग नोंद करणाराही ती वाचण्याजोगी करील. आमच्यासारख्या दवाखान्यांना प्रत्येक सर्दीची नोंद मागू नये. रुग्णाची ॲलर्जी, कायमचे आजार, चालू औषधे, झालेली ऑपरेशने आणि डिस्चार्ज कार्ड एवढ्या पाच गोष्टी नीट मागाव्यात. यंत्रापेक्षा माणसावर खर्च करावा. प्रत्येक आरोग्य केंद्रावर आणि ग्रामीण रुग्णालयात नोंदी भरणारा एक शिकलेला मुलगा वा मुलगी कायम पगारावर ठेवली, तर डॉक्टरचे डोळे रुग्णाकडे राहतील. नाडी बघताना डॉक्टर पडद्याकडे पाहू लागला, तर रुग्ण जे तोंडाने सांगत नाही ते कळायचे कसे? सून सासूसमोर काय बोलत नाही, म्हातारा मुलासमोर काय लपवतो, हे चेहऱ्यावरून वाचावे लागते. आणि रुग्णाच्या हाती जाणारी नोंद मराठीत हवी. ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ हे इंग्रजीत छापून मोबाइलवर पाठवले तर ते वाचायला शेजारच्या मुलाकडे जावे लागते, आणि गुप्तता तिथेच संपते.

सरकार यातले काय ऐकेल ते ऐको. तोवर वाचकांनी काही गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. काढायला हरकत नाही, मी स्वतः काढला आहे. पण मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी मागतात, ते विचारा. क्रमांक काढायचा ओटीपी निराळा आणि नोंदी दाखवण्याची संमती निराळी. संमती देताना कोणाला, कोणत्या नोंदी आणि किती दिवसांसाठी, हे पडद्यावर येते. ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर घरातल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या, खिडकीवरच्या माणसाच्या हाती मोबाइल देऊ नका. नोंद जोडली असे सांगितले तर ती तिथेच उघडून पाहा. नाव, वय आणि रक्तगट जुळतो का, ते तपासा. एका नावाची चार माणसे आपल्या प्रत्येक गावात असतात. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. संगणक असो वा नसो, ती मागून घ्या.

आणि ती प्लॅस्टिकची पिशवी अजून टाकू नका. दुकानात मिळणारी साधी फाइल आणून कागद तारखेप्रमाणे लावा, सर्वांत नवीन वर. फाइलच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवून त्यावर चालू औषधांची नावे पाकिटावरून पाहून लिहा, न चालणारी औषधे लाल शाईने लिहा, आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती फाइल बरोबर न्या. मागच्या डॉक्टरचे कागद पाहून आम्हाला राग येत नाही.